रासायनिक शस्त्रबंदीची राष्ट्रीय अंमलबजावणी

रासायनिक शस्त्रांवरची आंतरराष्ट्रीय बंदी प्रत्येक सदस्य देशाने आपल्या कायद्यात उतरवणे, त्यासाठी यंत्रणा उभी करणे आणि ज्या देशांना हे एकट्याने जमत नाही त्यांना मसुदा, सल्ला व प्रशिक्षण पुरवणे, या सगळ्या व्यवहाराला मिळून राष्ट्रीय अंमलबजावणी म्हणतात. मूळ करारावर १३ जानेवारी १९९३ रोजी पॅरिस येथे सह्या सुरू झाल्या. २९ एप्रिल १९९७ पासून तो अमलात आला. १९३ देश त्याचे सदस्य आहेत. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान बाहेर राहिले. इस्रायलने सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम मान्यता, दिलेली नाही. कराराचे काम पाहणारी रासायनिक शस्त्रास्त्र प्रतिबंधक संघटना (ओपीसीडब्ल्यू) नेदरलँड्समधील हेग येथे आहे. २०१३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक तिला मिळाले.

या कराराची बातमी होते ती साठे नष्ट होतात तेव्हा. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने आपला शेवटचा साठा संपवला आणि सदस्य देशांनी जाहीर केलेली सुमारे ७२,००० टन रासायनिक अस्त्रे नष्ट झाली, ही मोठीच गोष्ट. पण साठा एकदा नष्ट झाला की झाला; तो पुन्हा, आणि तोही एखाद्या खासगी टोळीकडून, तयार होऊ नये याची राखण रोजची असते. ती राखण हेगमध्ये बसून होत नाही. ती करतात त्या त्या देशातले पोलीस, सीमाशुल्क अधिकारी, न्यायाधीश आणि कारखान्यात तक्ते भरणारे कारकून.

करार देशाला बांधतो, माणसाला नाही

आंतरराष्ट्रीय करार सरकारांमध्ये होतो. सरकारने सही केली म्हणून एखाद्या नागरिकाला तुरुंगात टाकता येत नाही. त्यासाठी कृत्य घडले त्या वेळी ते गुन्हा ठरवणारा देशी कायदा लागतो. भारतात राज्यघटनेच्या कलम २० चे पहिलेच उपकलम ही अट घालते, आणि बहुतेक देशांत ती या ना त्या रूपात असतेच.

ही पोकळी किती महागात पडू शकते ते जपानने अनुभवले. ओम् शिनरिक्यो या पंथाने २७ जून १९९४ रोजी मात्सुमोतो शहरात आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा मज्जासंस्थेवर घाव घालणारा विषारी वायू सोडला. माणसे मेल्यावर खुनाचे कलम लावता येते. पण त्याआधी, पंथाच्या आवारात सारिन तयार होत होते त्या काळात, ते बनवणे किंवा जवळ बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. त्यासाठीचा खास कायदा एप्रिल १९९५ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर झाला. वरातीमागून आलेले घोडे म्हणावे तर तसेच. पण पुढे कायद्याचे मसुदे करणाऱ्यांनी हेच उदाहरण समोर ठेवले.

कलम ७ काय मागते

कराराचे सातवे कलम देशांतर्गत व्यवस्थेविषयी आहे. देशाला जे करायला मनाई आहे ते आपल्या भूमीवरच्या कोणत्याही व्यक्तीला वा कंपनीला करता येणार नाही असा दंडविधान असलेला कायदा करायचा. आपल्या नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही तो लागू करायचा. संघटनेशी आणि इतर देशांशी संपर्क ठेवण्यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण नेमायचे. आणि केलेल्या उपायांची माहिती संघटनेला कळवायची. वाचायला सोपे आहे. अडचण व्याख्येपासून सुरू होते.

करारानुसार जीवप्रक्रियेवर रासायनिक क्रिया करून मृत्यू, तात्पुरती अक्षमता किंवा कायमची इजा घडवू शकणारे कोणतेही रसायन ‘विषारी रसायन’ ठरते, आणि ते शस्त्र आहे की नाही हे हेतूवरून ठरते. शेती, औषध, उद्योग, संशोधन हे हेतू मोकळे आहेत. दंगल पांगवायला पोलिसांनी अश्रुधूर वापरणे चालते. तोच अश्रुधूर युद्धाचे साधन म्हणून चालत नाही. म्हणजे केवळ रसायनांची यादी छापून भागत नाही, हेतूची कसोटीही कायद्यात यावी लागते. अनेक देशांचे पहिले मसुदे यादीपाशीच थांबतात, आणि यादीबाहेरचे एखादे नवे विष कायद्यातून अलगद सुटते.

यादीही आहेच. पहिल्या अनुसूचीत सारिन, त्याच जातीचे व्हीएक्स, कातडीवर फोड आणणारे मस्टर्ड हे विष आणि एरंडीच्या बियांतले रायसिन येते. दुसरीत थायोडायग्लायकॉलसारखी द्रव्ये आहेत: बॉलपेनच्या शाईतही लागतात आणि मस्टर्ड बनवायलाही. तिसरीत फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, ट्रायइथेनॉलअमाइन अशी मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली रसायने येतात. याशिवाय यादीत नसलेली सेंद्रिय रसायने संश्लेषणाने वर्षाला २०० टनांहून अधिक, किंवा फॉस्फरस, गंधक वा फ्लोरिन असलेले एखादे रसायन ३० टनांहून अधिक बनवणाऱ्या कारखान्यांचीही माहिती द्यावी लागते. सरत्या वर्षाचे घोषणापत्र वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत हेगला पोचले पाहिजे. त्यासाठी कारखान्यांकडून आकडे मागवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नसेल, तर प्राधिकरणाच्या हाती विनंतीपत्रापलीकडे काही उरत नाही.

मदतीचे स्वरूप

करार अमलात येऊन सहा वर्षे झाली तरी पुष्कळ देशांकडे पुरेसा कायदा नव्हता. म्हणून ऑक्टोबर २००३ मध्ये सदस्य देशांच्या परिषदेने कलम ७ साठी कृतियोजना मंजूर केली आणि नोव्हेंबर २००५ मधल्या परिषदेपर्यंतची मुदत घातली. मुदत उलटली, काम उरले. तेव्हापासून मदतीचे काम कायमचे झाले.

संघटनेचे सचिवालय नमुना तरतुदी पुरवते, देशाने पाठवलेल्या मसुद्यावर अभिप्राय देते, त्या त्या देशात कार्यशाळा घेते आणि मसुदा लिहिणाऱ्या सरकारी वकिलांना काही दिवस हेगला बोलावून त्यांच्याकडूनच त्यांच्या देशाचा मसुदा पुरा करून घेते. शेवटची पद्धत सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल, कारण तयार नमुना हाती ठेवला की तो जसाच्या तसा संसदेत जातो आणि तिथेच अडकतो. लंडनची व्हर्टिक ही बिगरसरकारी संस्थाही याच कामात सरकारांना विनामूल्य मदत करते. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने केलेल्या १५४० क्रमांकाच्या ठरावाने महासंहारक शस्त्रे बिगरसरकारी गटांच्या हाती पडू न देण्याचे कायदे सर्वच देशांवर बंधनकारक केले, त्यामुळे कराराबाहेरच्या देशांवरही काही जबाबदारी आली.

मदत करणाऱ्याला आधी यजमान देशाची कायद्याची घडण समजून घ्यावी लागते. काही देशांत अनुसमर्थन होताच करार देशी कायद्याचा भाग बनतो. तिथले अधिकारी म्हणतात, आता वेगळा कायदा कशाला? पण करारात शिक्षा किती हे लिहिलेले नाही, त्यामुळे दंडविधान तरी करावेच लागते. ब्रिटिश पद्धतीच्या देशांत संसदेने कायदा केल्याशिवाय करार न्यायालयात उभाच राहत नाही. छोट्या बेटांची अडचण वेगळी. आमच्याकडे रासायनिक कारखानाच नाही, मग हा खटाटोप कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न वरवर रास्त आहे. उत्तर बंदरात असते: कारखाना नसला तरी जहाजावरचा माल एका बोटीतून दुसऱ्या बोटीत चढतो, कंपन्यांची नोंदणी होते, पैसा फिरतो.

अनुसूच्या कायद्यात शब्दशः छापायच्या की करारातील परिशिष्टाचा हवाला द्यायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये सदस्य देशांनी नोव्हिचोक या मज्जाविषांच्या गटातली रसायने पहिल्या अनुसूचीत घातली आणि ७ जून २०२० पासून तो बदल लागू झाला. ज्यांनी ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ असे शब्द ठेवले होते किंवा यादी अधिसूचनेवर सोपवली होती त्यांचे काम हलके झाले. ज्यांनी यादी थेट अधिनियमात छापली होती त्यांना पुन्हा संसदेची पायरी चढावी लागली.

उलट टोकाची चूकही होते. अमेरिकेच्या अंमलबजावणी कायद्याची भाषा इतकी ऐसपैस होती, की नवऱ्याच्या प्रेयसीच्या दाराच्या मुठीला आणि टपालपेटीला त्रासदायक रसायने फासणाऱ्या एका बाईवर त्याच कायद्याखाली खटला भरला गेला. इजा झाली ती अंगठ्याला किरकोळ भाजण्याएवढी. जून २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असले स्थानिक गुन्हे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असा निर्णय दिला.

भारताचा कायदा

भारताने १४ जानेवारी १९९३ रोजी सही केली आणि सप्टेंबर १९९६ मध्ये अनुसमर्थन दिले. मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय प्राधिकरण १९९७ मध्येच स्थापन झाले. त्याच वर्षी भारताने आपल्याकडे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचे जाहीर केले. हा साठा २००९ मध्ये पूर्णपणे नष्ट झाला. कायदा मात्र सावकाश आला. रासायनिक शस्त्रे करार अधिनियम २००० साली झाला आणि १ जुलै २००५ पासून अमलात आला. तो परदेशातल्या भारतीय नागरिकांना आणि भारतीय कंपन्यांच्या परदेशी शाखांनाही लागू आहे. मुख्य मनाईच्या उल्लंघनाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. निर्यातीवर विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ‘स्कोमेट’ यादीचे, म्हणजे शस्त्रांसाठीही वापरता येणाऱ्या मालाच्या यादीचे, नियंत्रण असते.

उद्योगांना घोषणापत्रे भरायला मदत करणाऱ्या मुंबईच्या इंडियन केमिकल कौन्सिलला २०२४ चा ‘ओपीसीडब्ल्यू–द हेग’ पुरस्कार मिळाला. रासायनिक उद्योगाच्या संघटनेला हा मान मिळण्याची ती पहिली वेळ होती.

नागपुरातून पाहताना

नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते, पण हा कायदा तिथे होऊ शकला नसता. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी, विषय राज्यसूचीतला असला तरी, कायदा करण्याचा अधिकार घटनेच्या कलम २५३ ने संसदेला दिला आहे. संघराज्य असलेल्या इतर देशांत हा पेच अनेकदा अधिक किचकट ठरतो.

शहराची ओळख स्फोटकांशी जोडलेली आहे. पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे; बाजारगाव परिसरात स्फोटकांचे कारखाने आहेत; अंबाझरीचा आयुध कारखाना तर शहरालगतच आहे. त्यामुळे ‘धोकादायक रसायन म्हणजे पेसोचा परवाना’ असा समज सहज होतो. स्फोटक मारते ते धक्क्याने आणि तुकड्यांनी. रासायनिक शस्त्र मारते विषाने. करारात तर केवळ स्फोटके किंवा केवळ हायड्रोकार्बन बनवणाऱ्या कारखान्यांना यादीबाहेरच्या सेंद्रिय रसायनांच्या घोषणेतून स्पष्ट सूट आहे. पेसोचे काम स्फोटके आणि पेट्रोलियमच्या कायद्यांखाली चालते. शस्त्रबंदीचे प्राधिकरण दिल्लीत, वेगळे.

विदर्भाचा या कराराशी खरा धागा कापसाच्या शेतात सापडतो. टाबून हे मज्जाविष १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांना कीटकनाशकांवर संशोधन करतानाच सापडले. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके आणि सारिन शरीरात एकाच विकरावर (एन्झाइमवर), ॲसिटिलकोलिनएस्टरेजवर, घाला घालतात. जोर मात्र फार वेगळा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. विदर्भातल्या डॉक्टरांच्या हाताला ॲट्रोपिन सरावाचे आहे ते अशाच रुग्णांमुळे, आणि मज्जाविषाच्या बाधेवर पहिले औषधही तेच. फवारणीचा अपघात हा शस्त्राचा प्रकार नव्हे, हे सांगायलाच हवे. तिथे हेतू शेतीचा आहे आणि तिथला कायदा कीटकनाशकांचा आहे. कारखान्यांचे गणितही असेच बारीक आहे: मोनोक्रोटोफॉसचे संश्लेषण वर्षाला ३० टनांच्या वर करणाऱ्याला घोषणापत्र द्यावे लागते, तर तेच तयार द्रव्य आणून नुसते मिसळून बाटल्या भरणाऱ्याला या कलमाखाली द्यावे लागत नाही.

भोपाळचा उल्लेख नागपुरात हमखास निघतो. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे गळलेला मिथाइल आयसोसायनेट कोणत्याही अनुसूचीत नाही. तो बनवायला लागणारे फॉस्जीन मात्र तिसरीत आहे.

करारात हल्ला झालेल्या देशाला मदत करण्याचेही कलम आहे, आणि त्यासाठी आधी प्रशिक्षित माणसे लागतात. नागपुरात १९५७ पासून आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे. पुढे ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली आणि आता तिचा वारसा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीकडे आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही याच शहरात आहे.

राहता राहिली एरंडी. बांधावर उगवणाऱ्या या झाडाच्या बीत पहिल्या अनुसूचीतले रायसिन असल्यामुळे तेलगिरण्यांनी घोषणापत्रे भरायची का, यावर हेगमध्ये शब्दशः एरंडाचे गुऱ्हाळ चालले. तेल काढताना रायसिन वेगळे काढले जात नाही आणि पेंडीत ते उष्णतेने निकामी होते. त्यामुळे तेलगिरण्यांना पहिल्या अनुसूचीच्या घोषणेतून वगळण्याचा निर्णय सदस्य देशांनी २००० साली घेतला.