लुगडं तेच, मान वेगळा

ड्रॅगवरून, म्हणजे पुरुषाने बाईचा वेश करून स्टेजवर येण्यावरून, वाद पेटला की कोणीतरी हमखास म्हणतं, हे बाहेरचं फॅड. अहो, आपली रंगभूमी उभी राहिली तीच मुळी लुगडं नेसलेल्या पुरुषांवर. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तिथपासून पुढची ऐंशी-नव्वद वर्षं स्त्री पार्ट पुरुषच करायचे. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मग त्यांची साडी, नथ, गजरा बघून चांगल्या घरच्या बायका तसं नटायला लागल्या, म्हणजे बाईने कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या, आता बोला! १९६४ ला पद्मभूषण मिळालं त्यांना.

पण हा मान फुकटचा नव्हता हो. बायका स्टेजवर नव्हत्या कारण नाटकात जाणारी बाई वाईट चालीची हा शिक्का, त्यामुळे ज्यांच्या रूपावर थिएटर भरायचं त्यांनाच तिथे जागा नव्हती. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न हा आहे, पुरुषाने साडी नेसली हा नाहीच. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात बायकांची कामं बायकांनी केली, गायिका हिराबाई बडोदेकरही स्टेजवर आल्या, आणि स्त्री पार्टचा जमाना हळूहळू आटोपला. १९३८ मध्ये खुद्द गंधर्वांच्याच कंपनीत गायिका-नटी गोहरबाई कर्नाटकी आल्या.

तमाशात मात्र गोष्ट वेगळी. तिथे आधी नाच्या पोऱ्याच बाई व्हायचा, मग खऱ्या बायका आल्या, त्याही बहुतेक कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या, आणि नाच्या उरला तो टिंगलीपुरता. सिनेमात गणपत पाटलांनी तो अजरामर केला, 'आत्ता गं बया' म्हटलं की आजही लोक हसतात, पण तो शिक्का त्या माणसाला पडद्याबाहेरही जन्मभर चिकटला. लुगडं तेच ना? संगीत नाटकातला नट झाला 'देव', आणि फडातला, पडद्यावरचा नाच्या झाला शिवी. जात, पैसा, प्रेक्षक कुठला बसलाय, सगळं त्यात आलं.

आता टीव्हीच्या स्किटमध्ये साडीतला पुरुष आला की हशा पिकतो, आपणही हसतो, मीही हसते. फक्त हल्ली एक बघते, जोक त्या नटावर आहे की जाड, काळ्या, थोराड बाईवर आहे. बऱ्याचदा बाईवरच असतो. 'मानापमान' नाटकात नायिका भामिनी झालेल्या गंधर्वांना बघून कोणी बाईला हसत नव्हतं.