जीवशास्त्राच्या तासाला पॉजचं बटण

दोन फूट रुंद, चार फूट लांब अशी एक अगडबंब बशी. तिच्यात काळी शाई मिसळलेल्या अगरचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीचा थर, आणि त्या थराचे पट्टे पाडलेले. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत प्रतिजैविक अजिबात नाही. पुढच्या पट्ट्यात साधा ई. कोलाय जिवाणू वाढू शकणार नाही इतपत, त्यापुढे दहापट, मग शंभरपट, आणि मधोमध हजारपट. २०१६ साली मायकेल बेम, रॉय किशोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बशीवर कॅमेरा रोखून जिवाणू सोडले. पुढच्या अकराएक दिवसांत जे घडलं, ते दोन मिनिटांच्या फिल्ममध्ये मावतं.

वर्गात ही फिल्म लावली की जिवाणूंचा पांढरा थर टोकांकडून पसरत येतो आणि पहिल्या सीमेवर येऊन अडतो. नेमकं इथे पॉज करायचं आणि विचारायचं: आता काय होईल? बरीच मुलं सांगतात, "हळूहळू त्यांना औषधाची सवय होईल, मग ते पुढे जातील." उत्तर वहीत लिहून घ्यायचं, तारखेसकट, म्हणजे नंतर "मला माहीतच होतं" म्हणायची सोय उरत नाही. मग फिल्म पुढे सोडायची.

सगळी फळी मिळून पुढे सरकतच नाही. सीमेवर एखाद्याच जागी पांढरा ठिपका उमटतो आणि पंख्यासारखा पसरत पुढच्या पट्ट्यात शिरतो. आजूबाजूचे लाखो जिवाणू होते तिथेच राहतात. सवय होत असती तर ती सगळ्यांनाच व्हायला हवी होती. प्रत्यक्षात एका पेशीच्या डीएनएत योगायोगाने बदल झाला, तो उपयोगी ठरला, आणि त्या पट्ट्यात दिसतेय ती सगळी तिचीच प्रजा. दहापटीच्या सीमेवर हाच प्रकार पुन्हा, शंभरपटीच्या सीमेवर पुन्हा, आणि शेवटी हजारपट औषधातही जिवाणू मजेत वाढताना दिसतात. "उत्क्रांती व्यक्तीची होत नाही, समूहाची होते" हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं तरी मुलांच्या डोक्यातली "सवय" हलत नाही. इथे ती हलते, कारण मुलांनी आधी स्वतःचं भाकीत मांडलेलं असतं आणि ते डोळ्यांदेखत फसतं.

हुशार वर्ग असेल तर आणखी एक गाठ सोडवायला द्यावी. आघाडीवर असलेलेच जिवाणू सर्वांत प्रतिकारक्षम असतात का? संशोधकांना आढळलं की नाही. कधी कधी मागे अडकलेले जिवाणू जास्त चिवट होते, पण वाटेतली जागा आणि अन्न पुढच्यांनी आधीच संपवलेलं होतं. त्यांना उचलून पुढे ठेवल्यावर ते वाढले.

लघुपटाचं खरं बळ इथे आहे. पुस्तकातल्या आकृतीत काळ नसतो आणि जीवशास्त्र तर बहुतेक काळातच घडतं. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपांच्या हालचालींचं टाईम-लॅप्स (ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपून वेगाने दाखवायचं) चित्रण केलं, ते विद्यार्थ्यांना दाखवता यावं म्हणूनच. १९०९ मध्ये फ्रान्सच्या झां कोमांदों यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून सिफिलिसचे वळवळते जिवाणू पडद्यावर आणले. म्हणजे शिक्षणातली ही "नवी" पद्धत शंभरी ओलांडून बसली आहे.

पेशीविभाजनाचंच घ्या. वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, ते मुख्यतः मारून रंगवलेल्या पेशी पाहून. कोणती अवस्था आधी आणि कोणती नंतर, हा क्रम त्यांना डोक्याने लावावा लागला. जिवंत पेशीतली गुणसूत्रं न रंगवता स्पष्ट दिसायला लागली ती फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शक आल्यावर. १९५०च्या दशकात आंद्रे बायर यांनी हीमँथस या फुलझाडाच्या बीजातल्या भ्रूणपोषाच्या (भ्रूणाला अन्न पुरवणाऱ्या भागाच्या) पेशी विभागताना चित्रित केल्या. या पेशींना भित्तिका नसते, त्यामुळे त्या छान सपाट पसरतात आणि गुणसूत्रं मोकळी दिसतात.

पुस्तकात मात्र पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था असे सारख्या आकाराचे चौकोन असतात. मुलं समजतात, चौघींना वेळही सारखाच लागतो. फिल्म पाहिली की कळतं, पूर्वावस्था रेंगाळते आणि पश्चावस्था बघता बघता उरकते. यावर एक सुंदर प्रयोग बेतता येतो. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड घेऊन कोणत्या अवस्थेत किती पेशी आहेत ते मोजायचं. जी अवस्था जास्त वेळ चालते, तिच्यातल्या पेशी स्लाईडवर जास्त सापडतात. स्थिर स्लाईडवरून वेळेचा अंदाज बांधायचा आणि फिल्मशी ताडून पाहायचा.

पण फिल्म काळ परत देते, तसा तो वाकवतेही. किती पट वेग वाढवला आहे हे पडद्यावर लिहिलेलं नसेल तर ते शिक्षकाने सांगायलाच हवं. ॲनिमेशनमध्ये तर गोष्ट आणखी बिकट. हार्वर्ड विद्यापीठासाठी २००६ मध्ये केलेल्या पेशीच्या प्रसिद्ध ॲनिमेशनमध्ये कायनेसिन हे प्रथिन सूक्ष्मनलिकेवरून, म्हणजे पेशीतल्या बारीक नळीसारख्या धाग्यावरून, भलं थोरलं ओझं ओढत ऐटीत चालतं. ते पाऊल टाकतं हे खरं, एका पावलात ८ नॅनोमीटर आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. पण पेशीत एवढी ऐसपैस मोकळी जागा कुठे असते? आत रेणूंची खच्चून गर्दी, पाण्याच्या रेणूंचे सतत धक्के, त्यामुळे कायनेसिनची चाल डळमळती आणि धडपडती असते. ॲनिमेशन दाखवू नये असं मी म्हणणार नाही. "यात काय गाळलंय?" हा प्रश्न मात्र सोबत विचारावा.

निवेदनाबद्दल माझं मत जरा कडक आहे: पहिल्या वेळी आवाज बंदच ठेवावा. १९५०च्या दशकात डेव्हिड रॉजर्स यांनी टिपलेली, पांढरी रक्तपेशी जिवाणूचा पाठलाग करते ती छोटीशी फिल्म घ्या. त्यावर "शिकारी", "सावज" असे शब्द आणि ढोलताशे चढवले की मुलांना वाटतं, पेशीला जिवाणू दिसतो. मुकी फिल्म पाहिली तर कोणी तरी आपणहून विचारतं, डोळे नसताना तिला कळतं कसं? तिथून जिवाणूकडून येणाऱ्या रसायनांच्या मागावर जाण्याचा विषय सुरू होतो.

लांबीचं म्हणाल तर एडएक्स या ऑनलाइन मंचावर ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा सहा मिनिटांनंतर लक्ष गळू लागतं असं दिसलं. तो प्रेक्षक शाळेतला नव्हता, तरी आकडा हाताशी ठेवायला हरकत नाही.

मुलांनी स्वतः फिल्म करणं तर याहून सरस. अंकुरणाऱ्या बीसमोर मोबाईल स्टँडवर घट्ट बसवायचा आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो घ्यायचा. तीन दिवसांत ८६४ फोटो होतात आणि सेकंदाला २४ या वेगाने त्यांची ३६ सेकंदांची फिल्म बनते. चौकटीत पट्टी उभी ठेवली तर पॉज करून मुळाची लांबी मोजता येते, आलेख काढता येतो. रात्रीच्या फोटोंसाठी दिवा लावावा लागतो, आणि इथे खरी गंमत सुरू होते. दिवा एकाच बाजूला असेल तर कोंब तिकडे वाकतो. दोन गटांनी दिवे वेगवेगळ्या बाजूंना ठेवले तर फिल्मही वेगवेगळ्या निघतात, आणि कोंब आपोआप तसा वाढला की आपल्या दिव्यामुळे, यावर दोन्ही गटांची जुंपते. वाद मिटवायला तिसरी फिल्म करावी लागते: तीच बी, तोच मोबाईल, दिवा बरोबर डोक्यावर.