हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

रेझिन-कापडाने रिमोटवर उडणारी छोटी ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) बांधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आठवड्यातून दोनदा तरी हा फोन येतो. "साहेब, काल रात्री पंखावर कापड मारलं, अजून चिकटच आहे. वरून थोडा हार्डनर फिरवू का?"

नका फिरवू. हार्डनर म्हणजे रेझिन या चिकट द्रवात मिसळून त्याला घट्ट करणारा दुसरा द्रव, वरून फिरवायचा मसाला नव्हे. हीटगनही धरू नका. आणि चिकट आहे तोवर पॉलिश पेपर तर अजिबात लावू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी फायबरचं काम आधी कुठेतरी पाहिलेलं असतं. पाण्याची टाकी, गणपतीचं मखर, गाडीचा बंपर. ही कामं पॉलिस्टर रेझिनची. त्यात ते सेट करणारा कॅटॅलिस्ट पडतो शंभराला एक-दोन भाग. थंडी असली की कारागीर झाकणभर जास्त टाकतो आणि माल लवकर सेट होतो. हे विरजणासारखं आहे: जरा जास्त लावलं तर दही लवकर लागतं, इतकंच.

ग्लायडरला लागतं ते इपॉक्सी, हे वेगळं रेझिन. त्याचा हार्डनर विरजण नव्हे. तो लाडवातला पाक आहे. रेझिनच्या प्रत्येक कणाला हार्डनरचा जोडीदार लागतो आणि दोघे मिळूनच घट्ट पदार्थ होतो. पाक जास्त झाला म्हणून लाडू लवकर वळले असं कधी झालंय का? ते बसतात. इपॉक्सीतही जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना तसाच आत राहतो. थर मऊ राहतो, उन्हात आणखी मऊ पडतो, आणि तो महिनाभर ठेवलात तरी सुधारत नाही. हार्डनर कमी पडला तरी गत तीच.

दुसरी चूक हुशार मुलं करतात. ग्लायडरच्या कामात चालणाऱ्या एल-285 रेझिनचं प्रमाण वजनाने 100 ला 40 आहे. सिरिंजने, म्हणजे मापाने घ्यायचं तर ते 100 ला 50 होतं, कारण हार्डनर हलका असतो. लेबलवरचा 40 वाचून सिरिंजने 40 मिली घेतलं की पाचवा हिस्सा हार्डनर कमी पडला. पेपरात हे गणित सोडवणारी मुलं टेबलावर चुकतात. आमच्या नेहमीच्या एलवाय-556 रेझिन आणि एचवाय-951 हार्डनर या जोडीचं प्रमाण वजनाने 10 ला 1. वीस ग्रॅम रेझिनला दोन ग्रॅम हार्डनर. एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन ग्रॅम म्हणजे दीड की अडीच, देव जाणे. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आमच्याकडे मिळतो, बाहेर स्वस्त मिळाला तर तिथून घ्या, पण घ्या.

गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजची मुलं दोन मीटरच्या ग्लायडरचा पंख घेऊन आली. दिसायला सुरेख, वर कापडाची वीण काचेसारखी चमकत होती. मी मुळाशी, जिथे पंख धडाला जोडतो तिथे, अंगठ्याचं नख दाबलं. चंद्रकोर उमटली. पोरांची तोंडं उतरली. दोरीने वर खेचताना सगळ्यात जास्त ताण येतो तो नेमका त्याच जागी. तो पंख मैदानावर मिटला असता, तर दीड-दोन किलोचं धूड खाली उभ्या असलेल्या कोणावर तरी आलं असतं. स्पर्धा चार दिवसांवर होती. पंख टाकून दिला आणि दोन रात्री जागून नवा केला. चूक काय? थंडी आहे म्हणून "अंदाजाने थोडा जास्त" हार्डनर.

थंडीवर उपाय हार्डनर नाही, ऊब आहे. काम खोलीत आणा, पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालून आत पिवळा बल्ब लावा, शेजारी थर्मामीटर ठेवा. आधी पंचवीस अंशांच्या आसपास एक दिवस, मग त्या रेझिनला चालत असेल तर 50 ते 55 अंशांवर काही तास. ही दुसरी ऊब बरेच जण टाळतात. मग काळा कार्बनचा पंख मे महिन्यातल्या पुण्याच्या उन्हात ठेवतात आणि तो वाकला की आमचं रेझिन वाईट. माणसं बसून उडवतात ते ग्लायडर पांढरे का असतात, याचं उत्तर यातच आहे. त्यातल्या अनेकांची ताकद 54 अंशांपर्यंतच तपासलेली असते, आणि गडद रंग उन्हात तो आकडा सहज ओलांडतो.

उन्हाळ्यात उलटी गंमत. पावशेर रेझिन एकाच कपात कालवून फोनवर बोलत बसलात तर कप तापतो, धूर निघतो, प्लॅस्टिक वितळतं. थोडं थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात सेट झालेल्या थरावर तेलकट साय येते. ती आधी पाण्याने धुवा, मग घासा. आधी घासलंत तर ती साय पुढच्या थराखाली जाऊन बसते आणि जोड तिथेच सुटतो.

आता चिकट भाग का घासायचा नाही ते. अर्धवट सेट झालेल्या इपॉक्सीची धूळ आणि हार्डनर कातडीला लागत राहिले की काहींना ॲलर्जी होते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर जात नाही. आमचा एक जुना कारागीर आता फक्त कापड कापून देतो. रेझिनचा डबा उघडला तरी त्याच्या मनगटांवर पुरळ उठतं. हातमोजे नायट्राइलचे घाला. हात थिनरने किंवा ॲसिटोनने धुऊ नका, त्याने रेझिन कातडीत आणखी आत जातं. कापडाने पुसा, मग साबण लावा. घासताना पाणी वापरा आणि धुळीचा मास्क लावा. तो मास्क वास अडवत नाही, त्यासाठी खिडकी उघडी हवी.

कार्बनबद्दल थोडंसं. त्याची धूळ वीज वाहते, म्हणून रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि बॅटरी शेजारी ठेवून घासू नका. पूर्ण कार्बनच्या धडात अँटेना बंद केली की सिग्नल अडतो, टोक बाहेर काढा. ग्लायडर आपटलं तर काचकापडावर पांढरा डाग दिसतो, कार्बनवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही. रुपयाचं नाणं घेऊन टकटक करत जा. आवाज बसका, "थप" असा आला की आतले थर सुटलेत.

"फायबर आहे, आकाशातली वीज कशी लागेल?" असंही विचारतात. 17 एप्रिल 1999 ला इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ काचतंतूंचं एक दोन आसनी ग्लायडर विजेने हवेतच फुटलं. दोघेही पॅराशूटने वाचले. ढग गडगडू लागले की घरी जा.

आमच्या काही सवयींवर लोक कुरकुरतात. आम्ही सुटं रेझिन देत नाही, वजन करून भरलेली जोडपाकिटं देतो, ती चार पैसे महाग पडतात. पॉलिस्टरचा कॅटॅलिस्ट आणि ते लवकर सेट व्हावं म्हणून घालतात तो कोबाल्ट एकाच पिशवीत देत नाही, कारण ते दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. थर्माकोलच्या गाभ्यासाठी कोणी पॉलिस्टर मागितलं तर नाही म्हणतो, गाभा विरघळून जातो. माणूस बसतो त्या ग्लायडरचं काम कितीही ओळख काढलीत तरी घेत नाही. ते डीजीसीएची, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता असलेल्यांचं काम. फायबरवर आमचा विश्वास नाही असं नव्हे. 1957 साली जर्मनीत 'फिनिक्स' उडालं तेव्हापासून हा माल ग्लायडरमध्ये आहे आणि लाकडापेक्षा गुळगुळीत आकार देतो. पण लाकूड सुताराकडे तयार होऊन येतं. हा माल तुमच्या कपात तयार होतो.

म्हणून तो कप फेकू नका. दर वेळी उरलेल्या रेझिनसकट ठेवा, वर तारीख, दोन्ही वजनं आणि कुठला भाग होता ते मार्करने लिहा. उडवण्याआधी कपात नख दाबून बघा. आणि तक्रार घेऊन याल तेव्हा भागासोबत कपही आणा. कप नसेल तर आम्ही चहा जरूर पाजू, पाकीट मात्र बदलून मिळणार नाही.