रग्बी लीगमध्ये क्लब बदलताना: गोपनीय वाटाघाटी, पात्रता आणि कागदपत्रे

रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा खेळ इंग्लंडमधील हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात १८९५ साली जन्माला आला, तोच पैशाच्या वादातून. सामन्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या खाणकामगार आणि गिरणी कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही, यावरून उत्तरेकडील क्लब मूळ संघटनेतून फुटले. खेळाडूचा करार कोणाशी आहे, त्याच्याशी कोणी आणि केव्हा बोलायचे, हे प्रश्न त्यामुळे या खेळात नेहमीच कळीचे राहिले आहेत. इंग्लंडमधील सुपर लीग आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एनआरएल (नॅशनल रग्बी लीग) या दोन मुख्य स्पर्धांत ही प्रक्रिया कशी चालते, याची माहिती येथे दिली आहे.

बोलणी कोणी आणि केव्हा करावीत

सर्वांत आधी खेळाडूच्या कराराची मुदत पाहावी लागते. करार चालू असेल, तर दुसऱ्या क्लबने खेळाडूशी, त्याच्या एजंटशी किंवा घरच्यांशी थेट संपर्क साधणे नियमबाह्य ठरते. आधी त्याच्या सध्याच्या क्लबची परवानगी घ्यावी लागते आणि ती लेखी घेणे केव्हाही शहाणपणाचे. या पत्रात खेळाडूचे नाव, बोलणी करणारा क्लब, परवानगी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि वैद्यकीय तपासणीची मुभा आहे की नाही, एवढे स्पष्ट असले की पुढचे निम्मे वाद टळतात. तोंडी परवानगीवर विसंबणारे क्लब पुढे अडचणीत येतात, कारण सौदा फिसकटला की कोण काय म्हणाले होते, हे कोणालाच नेमके आठवत नाही.

करार त्याच हंगामाअखेर संपत असेल, तर वेगळा नियम लागू होतो. सुपर लीगमध्ये अशा खेळाडूशी इतर क्लब १ मेपासून उघडपणे बोलू शकतात. एनआरएलमध्ये करार साधारणपणे ३१ ऑक्टोबरला संपतात आणि खेळाडू आपल्या कराराच्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकताच, म्हणजे त्याआधीच्या १ नोव्हेंबरपासून, बाजारात मोकळा होतो. २०२७ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या पर्थ बेअर्स या नव्या क्लबच्या खेळाडू भरतीसाठी १ नोव्हेंबर २०२५ ही तारीख महत्त्वाची ठरली, ती याच हिशेबाने. खेळाडू पुढचे वर्षभर जुन्या क्लबकडून खेळणार आणि त्यानंतरचे प्रतिस्पर्ध्याकडून, हे सर्वांना ठाऊक असते. प्रेक्षकांना हा प्रकार अजूनही पचलेला नाही आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही.

परवानगीविना परस्पर बोलणी न करण्याचा नियम मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. आयपीएलमध्ये २०१० साली रवींद्र जडेजावर एका हंगामाची बंदी आली होती, ती राजस्थान रॉयल्सचा नवा करार न करता इतर संघांशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून.

मुदत संपली म्हणजे जुना क्लब बाजूला झाला, असेही गृहीत धरू नये. येस्टिन हॅरिस हा खेळाडू २००१ साली लीड्स क्लब सोडून वेल्समध्ये रग्बी युनियन (रग्बीचा पंधरा खेळाडूंचा प्रकार) खेळायला गेला, तेव्हा तो लीगमध्ये परतल्यास लीड्सला हक्क राहील अशी तरतूद झाली होती. पण २००४ साली तो लीगमध्ये परतून ब्रॅडफर्ड या दुसऱ्या क्लबकडून खेळू लागला. प्रकरण न्यायालयात गेले आणि हॅरिसने कराराचा भंग केला, असा निर्णय उच्च न्यायालयाने २००५ साली दिला. म्हणून खेळाडूकडून केवळ चालू करार नव्हे, तर मागील सर्व करारांतील परतीची आणि पर्यायाची कलमे मागवून वकिलाकडून तपासून घ्यावीत.

गोपनीयता कोठपर्यंत

दोन क्लबांमधील रक्कम, पगाराचा प्रस्ताव आणि वैद्यकीय अहवाल यांबद्दल गुप्तता पाळण्याची हमी दोन्ही बाजू देतात. नाव फुटले की तिसरा क्लब बोली लावतो, भाव चढतो आणि ज्याच्या जागी नवा माणूस यायचा तो खेळाडू वर्तमानपत्रातून आपले भवितव्य वाचतो. शिवाय सौदा नेहमी रोख रकमेचाच असतो असे नाही. १९९५ साली पॉल न्यूलव्ह ब्रॅडफर्डहून सेंट हेलेन्सला आला, तेव्हा रोख २,५०,००० पौंडांबरोबर तीन खेळाडू उलट दिशेने गेले. अशा अदलाबदलीत प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र संमती लागते आणि गुप्तता राखणे तितकेच अवघड होते.

मात्र ही गुप्तता नियामक संस्थेपुढे चालत नाही. दोन्ही स्पर्धांत पगारमर्यादा, म्हणजे क्लबने खेळाडूंवर करायच्या एकूण खर्चाला कमाल मर्यादा, आहे आणि नोंदणीच्या वेळी मूळ पगार, बोनस, निवासाची सोय, तसेच क्लबने जुळवून दिलेले जाहिरातीचे करार असा खेळाडूला मिळणारा प्रत्येक लाभ उघड करावा लागतो. एनआरएलमधील मेलबर्न स्टॉर्म या क्लबने खरे आकडे वेगळ्या कागदांत दडवल्याचे २०१० साली उघडकीस आले. २००७ आणि २००९ची विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि त्या हंगामातील उरलेले सामने संघ गुणांविना खेळला.

नोंदणीची कागदपत्रे

दोन्ही क्लबांच्या आणि खेळाडूच्या सह्यांचा हस्तांतरणाचा अर्ज, विहित नमुन्यातील करार, ओळखीचा पुरावा आणि मान्यताप्राप्त एजंटचा तपशील ही मुख्य कागदपत्रे होत. एनआरएलमध्ये नव्या क्लबशी करार केलेल्या खेळाडूला दहा दिवसांचा फेरविचाराचा काळ मिळतो. पूर्वी हा काळ हंगामाच्या तेराव्या फेरीपर्यंत लांबत असे. २०१५ साली डेली चेरी-इव्हान्सने गोल्ड कोस्ट टायटन्सशी झालेला करार मोडून मॅनली या आपल्या जुन्या क्लबमध्येच राहणे पसंत केले आणि त्यानंतर तो नियम गेला. हा काळ उलटेपर्यंत स्वागताचे फलक छापू नयेत.

परदेशी खेळाडूसाठी त्याच्या आधीच्या राष्ट्रीय संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो. ब्रिटनमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रीडापटू व्हिसासाठी अर्ज करायचा असतो; त्याआधी रग्बी फुटबॉल लीग या तेथील नियामक संस्थेची शिफारस आणि क्लबचे प्रायोजकत्व प्रमाणपत्र मिळायला हवे. हे प्रमाणपत्र नावाला प्रमाणपत्र असले तरी हातात कागद पडत नाही, फक्त एक संदर्भ क्रमांक मिळतो, आणि तो मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पापुआ न्यू गिनीसारख्या देशातून येणाऱ्याला क्षयरोग तपासणीचा दाखलाही जोडावा लागतो. सुपर लीगमधीलच, पण फ्रान्समधील पर्पिन्यां येथे असलेल्या कॅटलन्स ड्रॅगन्सकडे जाणाऱ्या परदेशी खेळाडूला ब्रिटिश व्हिसावर तेथे राहता येत नाही. त्याच्यासाठी फ्रान्सच्या नियमांनुसार वेगळी परवानगी काढावी लागते.