हिमालयातले उंदीर, त्यांच्या कानातले चिगर आणि 'साठा' या शब्दाचा घोळ

स्क्रब टायफस म्हणजे माइट या अगदी बारीक, आठ पायांच्या जिवाच्या अळीच्या चाव्यातून जंतू शिरून येणारा ताप. त्याची साथ आली की उंदीर मारा, हा सल्ला पाठोपाठ येतोच. हिमालयाच्या बाबतीत हा सल्ला अपुरा आहे, आणि त्याचं मूळ जुनं आहे.

जपानमधल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना हा ताप फार आधीपासून ठाऊक होता. आपल्याकडे त्याची खरी दखल घेतली गेली ती दुसऱ्या महायुद्धात, आसाम-ब्रह्मदेश सीमेवर सैनिक तापाने पडू लागले तेव्हा. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक लागू पडलं, धास्ती ओसरली आणि तिच्याबरोबर अभ्यासाची निकडही. मागे राहिलं ते नाव. 'स्क्रब' म्हणजे तोडलेल्या रानाच्या जागी माजलेली झुडपं. त्यामुळे हा उष्ण, दमट झाडोऱ्याचा आजार, असं मनात बसलं. १९६० च्या दशकात पश्चिम हिमालयाच्या पाकिस्तानकडच्या भागात, उंचावरच्या उघड्या कुरणांतही या जंतूचा वावर आढळला होता. पण नावाचा पगडा सुटला नाही.

म्हणून २००३ मध्ये शिमला परिसरात रुग्ण सापडले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. थंड हवेच्या ठिकाणी हा ताप? हिमाचलात डोंगरउतारावर गवतासाठी राखलेल्या जागेला 'घासणी' म्हणतात. पावसाळा सरला की तिथे उकिडवं बसून विळ्याने गवत कापायचं आणि भारा पाठीवर घेऊन उतरायचं. त्यात बायका मोठ्या संख्येने असतात. तापाचा हंगाम नेमका हाच. पुढे दार्जिलिंगच्या डोंगरांतूनही साथींच्या नोंदी आल्या, तपासण्या वाढल्या आणि पिंजरे लावून उंदीर, चिचुंद्र्या धरणं सुरू झालं.

धरलेल्या उंदराचा कान उलटून पाहिला तर आतल्या घडीत केशरी कणांचा पुंजका दिसतो. एकेक कण म्हणजे माइटची सहा पायांची अळी, चिगर. उपाशी असताना जेमतेम ०.२ मिलिमीटरची. ती रक्त पीत नाही. त्वचेत लाळ सोडून पेशी विरघळवते आणि तो द्रव शोषते. मेलेला उंदीर पाण्याच्या ताटलीवर टांगून ठेवला की पोट भरलेल्या अळ्या सुटून खाली पडतात, मग त्या मोजायच्या. दर प्राण्यामागे सरासरी किती, हा चिगर निर्देशांक. तो ०.६९ च्या वर गेला की धोका मानतात. मला ही सरासरी नेहमीच फसवी वाटते, कारण चिगर सारखे वाटलेले नसतात. एका उंदरावर शेकडो असतात आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्यावर एकही नसतो.

खरा वाद 'साठा' या शब्दाचा आहे, म्हणजे रोगाचा जंतू ज्या जिवात कायम टिकून राहतो त्याचा. आरोग्यपत्रकांत उंदराला सर्रास रोगाचा साठा म्हटलं जातं. पण माइट आयुष्यात एकदाच, अळी असताना, प्राण्याला चिकटते. नंतरच्या आठ पायांच्या अवस्था मातीत राहून इतर किड्यांची अंडी खातात. म्हणजे एका उंदराकडून घेतलेला जंतू तीच अळी दुसऱ्याला देऊ शकत नाही. जंतू टिकतो तो मादीकडून अंड्यांत आणि अंड्यांतून पुढच्या अळ्यांत. उंदराकडून जंतू मिळवून तो संततीत उतरवणाऱ्या माइट फार थोड्या. तेव्हा साठा माइटच आहे; उंदीर हा तिचा यजमान आणि तिला नव्या जागी नेणारं वाहन. उंदीर कमी करणं दीर्घकाळात उपयोगाचं आहेच. पण ऐन साथीत फक्त उंदीर मारले तर मातीत वाट पाहणाऱ्या उपाशी अळ्या तशाच राहतात, आणि पुढचा ऊबदार देह घासणीत बसलेल्या बाईचा असतो.

मराठीत गुंता आणखी वाढला. २०१८ मध्ये नागपूरकडे साथ आली तेव्हा काहींनी चिगरला गोचीड म्हटलं, काहींनी पिसू. गोचीड रक्त पिते आणि डोळ्यांना दिसते. पिसू तर कीटक. शेतकरी पिकावरच्या माइटला 'कोळी' म्हणतो, ते जास्त जवळचं आहे. गोचीड शोधणाऱ्याला चिगर सापडणार नाही. काखेत किंवा जांघेत त्याने सोडलेला, न दुखणारा काळा खपलीचा डागही नजरेतून सुटेल. तो डाग वेळेत दिसला तर डॉक्सिसायक्लिन हे औषध लगेच सुरू करता येतं.

माइटची वस्ती उतारभर पसरलेली नसते, बेटांसारखी असते. एका बांधाखाली खच्चून, दहा पावलांवर काहीच नाही. पिंजऱ्यातला उंदीर ते बेट नेमकं कुठे आहे हे सांगत नाही. त्यासाठी गवतात काळ्या पट्ट्या ठेवून त्यांवर चढणारे केशरी ठिपके मोजावे लागतात, ओणवं होऊन, एकेका बांधाशी.