ट्रकभर पऱ्हाटी, ट्रकभर हवा

फेब्रुवारी सरता सरता नागपूरभोवतीच्या कापूसपट्ट्यात वेचणी संपते आणि शेतात वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, उरते. एकेकाळी ती वर्षभराचं सरपण होती. बंडी भरून घरी यायची, अंगणात तिची गंजी लागायची. पुढे घरात गॅस आला, मजुरी वाढली, आणि उपटून आणण्याचा खर्च निघेना. मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करून काडी लावणं सुरू झालं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस पोखरला. अळी पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत दडून राहते, म्हणून शेत लवकर मोकळं करणं भाग झालं, आणि आगीइतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता.

जे जाळलं जातं ते चांगलं इंधन आहे. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. तिच्यात किलोमागे सुमारे 4,000 किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्या वीजकेंद्रांतल्या राखेने भरलेल्या कोळशाच्या तोडीची. कोराडी, खापरखेडा, मौदा ही केंद्रंही दाराशीच आहेत. तरीही शेत आणि बॉयलर यांची गाठ पडत नाही, कारण सैल पऱ्हाटी घनमीटरला 100 किलोही भरत नाही. तीच दाबून पेलेट, म्हणजे छोट्या घट्ट कांड्या, केले तर 600 ते 700 किलो भरतात. सैल माल नेणारा ट्रक मुख्यतः हवा वाहतो, आणि जाळलेल्या प्रत्येक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. भाडं आणि धूर दोन्ही एकाच ठिकाणी वाढतात, म्हणून दोन्ही कमी करायची जागाही एकच.

हा प्रश्न विदर्भाने एकदा सोडवला आहे, तोही याच झाडासाठी. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. पण रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रं, आणि प्रेस नुसते नागपुरात उभे राहिले नाहीत. ते हिंगणघाटसारख्या बाजारपेठांत, कापसाच्या जवळ गेले. सरकी तिथेच निघाली, रुई तिथेच दाबली गेली आणि बांधलेली गाठ पुढे गेली. आजची गाठ 170 किलोची असते. बोंडाला प्रेस मिळाला, काडीला मिळाला नाही. तिला गिऱ्हाईकच नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते 2003 च्या वीज कायद्यानंतर. बायोमासवर, म्हणजे शेतकचरा आणि काडीकचऱ्यावर, चालणारे छोटे वीजप्रकल्प निघाले, पण त्यांनी माल बहुतेक सैलच घेतला. इंधनाचा भाव चढत गेला, वाहतूक झेपेना, आणि अनेक प्रकल्प थंडावले. त्या काळातही नागपुरातल्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट (दाबून केलेले इंधनाचे ठोकळे) आणि पेलेट करण्याचं काम चालू होतं. शहरातल्या दहनघाटांवर लाकडाऐवजी शेतकचरा दाबून केलेले ओंडके, मोक्षकाष्ठ, मिळू लागलं. एवढं छोटं, जवळचं गिऱ्हाईक टिकतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांना कोळशात 5 टक्के बायोमास मिसळणं बंधनकारक केलं. मुदती नंतर पुढे सरकल्या. मागणीचा आकडा मात्र मोठा आहे. हेक्टरी अडीच टन धरले, तर रोजच्या 1,000 टन पेलेटसाठी रोज 400 हेक्टरवरची पऱ्हाटी लागेल. ती येणार लहान लहान वावरांतून, आणि तीही वर्षातले तीनचार महिनेच.

म्हणून मोठे ट्रक घेऊन फारसं साधणार नाही. उपटायचं आणि तुकडे करायचं यंत्र वावरात जायला हवं, पेलेटचं यंत्र तालुक्याच्या जिनिंगशेजारी. हंगाम संपला की तिथली जागा मोकळी असते, वजनकाटा असतो, माणसं असतात. वाळवण्यासाठी भट्टी पेटवायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांतलं नागपूरचं ऊन ते काम फुकट करतं. फक्त मृगाच्या आत माल छपराखाली गेला पाहिजे. भिजलेली काडी पुन्हा वाळवण्यात पैसा जातो आणि वाचवलेला कार्बनही. शेतकऱ्याला दर वजनावर द्यायचा तर ओलावा मोजूनच द्यावा, नाहीतर कोरडा माल आणणाराच बुडतो.

आणि सगळंच उचलायचं नाही. सोयाबीनचं कुटार आणि धानाची तणीस जनावरांच्या तोंडची आहे. पऱ्हाटीचीही पानं जमिनीतच राहू द्यावीत. बॉयलरकडे जावी ती फक्त आज धुऱ्यावर पेटणारी काडी.