दचकणं वेगळं, भिणं वेगळं

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत भाच्याला भूतबंगल्यात नेलं होतं. होम मैदानावर पत्रे आणि ताडपत्री ठोकून केलेला, आत एक हिरवा बल्ब. वळणावर काळी साडी गुंडाळलेल्या पोरानं पत्र्यावर धाडकन हात मारला आणि भाचा थेट माझ्या अंगावर. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य: "मामा, अजून एकदा जाऊ की!"

हे दचकणं. भ्यालेलं पोर 'घरी चल' म्हणतं.

मेच्या सुट्टीत त्यानं 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' हा भयपट पाहिला. "बोअर आहे, काहीच होत नाही," म्हणाला. रात्री दिवा मात्र मालवू देईना.

झपाटलेल्या घराचे स्वस्तातले सिनेमे बघणारे आणि बनवणारेही या दोन्हीत गल्लत करतात. दचकणं शरीराचं काम आहे. अचानक मोठा आवाज झाला की, काय झालं हे कळायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात पापणी मिटते. त्यासाठी भूत लागतच नाही. 1942 च्या 'कॅट पीपल'मध्ये रात्रीच्या रस्त्यावर एक बाई घाईघाईनं चाललीय, मागं कुणीतरी आहे असं वाटतं, आणि फिस्सकन येते ती साधी बस. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. पण ती बस लागू पडते ती आधीच्या चालण्यामुळे. नुसती बस आणणाऱ्यांचा सिनेमा भूतबंगल्याच्या तिकिटाइतकाच टिकतो.

भिण्याला आधी काहीतरी नेहमीचं लागतं. आमच्या पूर्व भागात यंत्रमागाची खटखट रात्रभर चालते आणि त्यात तान्ही लेकरंसुद्धा गाढ झोपतात. लाईट जाऊन माग थांबले की मात्र अख्खी गल्ली जागी होते. आवाज नाही म्हणून! अंथरुणात उठून बसलेला माणूस अंधारात कान देऊन ऐकत असतो. भिणं ते.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'चा दिग्दर्शक ओरेन पेलीनं नेमकं हेच केलं. 2006 मध्ये सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात, सात दिवसांत, सुमारे 15,000 डॉलरमध्ये शूटिंग. झोपायच्या खोलीत तिवईवर कॅमेरा, पलंगावर नवराबायकोसारखं राहणारं जोडपं, डावीकडं उघडं दार. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत ती खोली आपल्या ओळखीची होते. मग दार थोडंसं हलतं. बस्स. यात पैसा कुठं लागला? धीर लागला. कमी बजेटचे बरेच भयपट पडतात ते बनवणाऱ्यांना धीर धरवत नाही म्हणून. दर पाच मिनिटांनी पत्रा वाजवतात.

मराठीतला 'लपाछपी' मला यासाठीच आवडतो. उसाच्या फडातलं घर. ज्यानं आपल्या जिल्ह्यात रात्री उसाला पाणी दिलंय त्याला फडात पाचट वाजलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. कधी डुक्कर असतं, कधी वारा, आणि बॅटरी मारेपर्यंत दोन्ही नसतं.

ओळखायचं असेल तर सिनेमा बघताना काय झालं ते विचारू नका, नंतरचं बघा. भूतबंगल्याचा भाच्यानं कधीच विषय काढला नाही. त्या 'बोअर' सिनेमाला मात्र आठवडा झाला, आणि पोरगं मे महिन्यात, सोलापुरात, खोलीचं दार लावून झोपतंय.